खर्ऱ्याला पाकीट नसतं: तंबाखूवर काम करायचंय त्यांच्यासाठी नागपूरहून

गेल्या काही महिन्यांत नव्याने पीजीला लागलेल्या तीन-चार जणांचे फोन आले, सगळ्यांचा प्रश्न एकच, मॅडम कम्युनिटी मेडिसिन मिळालंय, तंबाखूवर काम करायची इच्छा आहे, सुरुवात कुठून करू? प्रत्येकाला अर्धा-अर्धा तास फोनवर सांगून झाल्यावर वाटलं की एकदा नीट लिहूनच काढावं. मी नागपूरची, शिकले इथेच, आणि पीजीपासून मोजलं तर चौदा वर्षं याच विषयात आहे. हे माझ्या अनुभवातलं आहे, दुसऱ्या जिल्ह्यात थोडं वेगळं असेल, पण विदर्भात राहून काम करणार असाल तर बरंचसं लागू पडेल.

मी या ब्रँचला कशी आले ते आधी सांगते. इंटर्नशिपमध्ये ईएनटीला पोस्टिंग होतं, ओपीडीत एक ऑटोवाले दादा आले, वय पस्तीसच्या आसपास, तक्रार काय तर समोसा खाता येत नाही. तोंड उघडायला सांगितलं तर दोन बोटंसुद्धा आत जाईनात. गाल आतून पांढरे आणि कडक, चामड्यासारखे. रजिस्ट्रारने केसपेपरवर ओएसएमएफ लिहिलं, म्हणजे ओरल सबम्यूकस फायब्रोसिस, तोंड आखडत जाण्याचा आजार, दादांना विचारलं खर्रा, म्हणजे आपली घोटलेली सुपारी-तंबाखू, किती वर्षं खाता, ते म्हणाले "दहावीपासून, पण आता कमी केला जी". मग गोळ्या लिहिल्या, खर्रा बंद करा असं एक वाक्य बोलले, आणि पुढचा पेशंट, कारण बाहेर शंभर लोक उभे होते. रजिस्ट्रारची काही चूक नव्हती, त्याच्याकडे खरंच वेळ नव्हता. पण तो माणूस गेटबाहेर गेला असेल तेव्हा त्याला पहिलं काय दिसलं असेल तर पानठेला, हे माझ्या डोक्यातून जाईना. बंद करा म्हणजे नेमकं कसं बंद करा, हे त्याला कोण सांगणार? तेव्हा सीईटी होती, आत्तासारखं नीट पीजी नव्हतं, रँक बरी होती, घरचे म्हणत होते पेडियाट्रिक्स घे, मी पीएसएम, म्हणजे हेच कम्युनिटी मेडिसिन, समाजाच्या आरोग्याची ब्रँच, घेतलं. आई दोन दिवस बोलली नाही माझ्याशी.

आता मुद्द्याचं. तुम्ही तंबाखू नियंत्रण शिकायला बसाल तेव्हा तुमच्या लक्षात येईल की शिकवण्यातलं बहुतेक सगळं सिगारेटवर उभं आहे. डॉल आणि हिल यांचं 1950 चं फुप्फुसाच्या कॅन्सरवरचं काम, मग ब्रिटिश डॉक्टरांचा अभ्यास, निकोटीनचं व्यसन मोजायची फॅगरस्ट्रॉमची प्रश्नावली, श्वासातला कार्बन मोनॉक्साईड मोजायचं यंत्र, सगळं धुरावर. हे शिकायलाच हवं, पाया तोच आहे. पण 2016-17 चा गॅट्स, म्हणजे प्रौढांच्या तंबाखू वापराचा सर्व्हे, उघडून महाराष्ट्राचं पान बघा. राज्यात 15 वर्षांवरच्या लोकांमध्ये तंबाखू वापरणारे 26.6 टक्के, त्यात ओढणारे फक्त 3.8 टक्के आणि बिनधुराची तंबाखू खाणारे-लावणारे 24.4 टक्के (काही जण दोन्ही करतात). म्हणजे आपला पेशंट ओढतच नाही, तो चघळतो. आणि आपल्याकडे, नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात तो खर्रा चघळतो.

बाहेरगावच्यांसाठी सांगते, खर्रा म्हणजे सुपारीचा भुगा, तंबाखू आणि चुना, पन्नीत म्हणजे प्लास्टिकच्या तुकड्यात घालून पाट्यावर घोटून घोटून ओलसर केलेलं मिश्रण. समोर घोटून देतात, पन्नीची पुडी बांधतात, बस. आता विचार करा, तंबाखूविरुद्धची आपली हत्यारं कोणती? पाकिटावर 85 टक्के जागेत चित्रासह इशारा, 1 एप्रिल 2016 पासून. पाकिटावर क्विटलाइनचा, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या हेल्पलाइनचा नंबर, 1800-11-2356. पाकिटावर टॅक्स. ब्रँडच्या जाहिरातीवर बंदी. खर्ऱ्याला पाकीटच नाही! ना चित्र, ना नंबर, ना ब्रँड. कच्च्या मालावर टॅक्स लागत असेल, पण जी पुडी माणसाच्या खिशात जाते तिच्यावर एक अक्षर छापलेलं नसतं. म्हणून पाकिटावरून जे काम जगभर होतं ते आपल्याकडे माणसाला माणसाशी बोलून करावं लागतं. माझ्या चौदा वर्षांतलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

आणि नुसती तंबाखू नाही, सुपारी पण. लोकांना वाटतं सुपारी म्हणजे पूजेतली, मुखशुद्धीची, तिने काय होतं. सुपारीला एकटीला, तंबाखूशिवाय, आयएआरसीने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने, 2004 मध्ये पहिल्या गटातला, म्हणजे पक्का कॅन्सरकारक पदार्थ ठरवलंय, आणि तोंड आखडतं ते मुख्यतः सुपारीने. हे डॉक्टरांनाही नीट माहीत नसतं, मी स्वतः पाहिलंय, तंबाखू सोडा हवं तर साधी सुपारी खा असा सल्ला देताना. कृपा करून तुम्ही तो देऊ नका.

कायद्याचा भाग कंटाळवाणा वाटतो म्हणून मुलं टाळतात. टाळू नका, कारण या कामात डॉक्टरला अर्धा वकील व्हावं लागतं. 2003 चा कोटपा, म्हणजे सिगारेट आणि इतर तंबाखू उत्पादनांचा कायदा पाठ हवा: कलम 4 सार्वजनिक जागी धूम्रपानबंदी, कलम 5 जाहिराती, कलम 6 अठराच्या आतल्यांना विक्री नाही आणि शाळा-कॉलेजपासून 100 यार्डांत विक्री नाही, कलम 7 पाकिटावरचे इशारे. आणि गुटखाबंदीची गोष्ट समजून घ्या, त्यात फार शिकण्यासारखं आहे. महाराष्ट्राने 2002 लाच गुटख्यावर बंदी घातली होती, ती 2004 मध्ये सुप्रीम कोर्टात टिकली नाही, कारण ज्या कलमाखाली घातली त्यात राज्याला तेवढा अधिकारच नव्हता. मग 2011 मध्ये अन्न सुरक्षा कायद्याखालचे नियम आले, त्यात खाद्यपदार्थात तंबाखू आणि निकोटीन घालायला मनाई झाली, आणि त्या आधारावर जुलै 2012 मध्ये राज्याने पुन्हा बंदी आणली, ती वर्षावर्षाने वाढवतात. हेतू तोच होता, पण कोणत्या कायद्याखाली ते बदललं आणि बंदी उभी राहिली. मी तेव्हा पीजीच्या सेकंड इयरला होते, बंदीच्या आठवड्यात आम्ही रेसिडेंट्स इतकं खूश होतो, वाटलं आता संपलंच. महिन्याभरात बघितलं तर गुटख्याच्या माळा खाली उतरल्या होत्या आणि खर्ऱ्याचे पाटे वाढले होते. नंतर सुगंधित तंबाखू, सुगंधित सुपारी आणि खर्राही त्या आदेशांच्या कक्षेत आणला, पण चार इंचांच्या पाट्यावर पाच मिनिटांत बनणारी गोष्ट कोण कुठे पकडत बसणार.

आता रस्ता कसा असतो. एमबीबीएस नंतर नीट पीजीमधून एमडी कम्युनिटी मेडिसिन, तीन वर्षं, हा सरळ मार्ग. डेंटलवाल्यांना एमडीएस पब्लिक हेल्थ डेंटिस्ट्री आहे, आणि खरं सांगते, तोंडाच्या आजारात त्यांचा हात आमच्यापेक्षा चांगला असतो, त्यांच्याशी मैत्री करा. एमपीएच, म्हणजे मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ, पण चालतं, त्याला एमबीबीएसच लागतं असं नाही. नोकऱ्या म्हणाल तर मेडिकल कॉलेजमध्ये लेक्चररशिप, सरकारी आरोग्यसेवा, संशोधन संस्था, स्वयंसेवी संस्था, आणि जिल्हा तंबाखू नियंत्रण कक्ष. हा कक्ष राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमातून येतो, जो 2007-08 मध्ये सुरू झाला, त्यात जिल्हा सल्लागार, समुपदेशक आणि सोशल वर्कर असे लोक असतात, बहुतेक पदं कंत्राटी. मी एका जिल्ह्यात असं काम केलंय, एकदा चार महिने पगार आला नाही, घरभाडं नवऱ्याने भरलं, हे लपवण्यात अर्थ नाही. घरी कोणी कमावतं असेल किंवा थोडी शिल्लक असेल तर पहिली दोन-तीन वर्षं निभतात, नाहीतर आधी कॉलेजची पक्की नोकरी धरा आणि त्यातून तंबाखूचं काम करा, काम तितकंच होतं.

थिसिसचा विषय मात्र जपून निवडा, कारण तिथेच तुम्ही कामात खरे उतरता. माझा विषय होता खर्रा खाणाऱ्यांमधलं अवलंबित्व, आणि पहिल्याच आठवड्यात अडकले. प्रश्नावलीत प्रश्न होता, दिवसाला किती वेळा खाता. सिगारेट मोजता येते, खर्रा कसा मोजणार? एक जण म्हणाला दोन पुड्या, पण त्यातली अर्धी मित्राला दिली. दुसरा म्हणाला एकच पुडी, पण ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत गालात थोडी थोडी. शेवटी मी घरचा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घेऊन ठेल्याठेल्यावरून पुड्या विकत आणल्या आणि वजन केलं, तर एका ठेल्याची पुडी दुसऱ्याच्या पुडीएवढी कधीच भरेना, आणि एकाच ठेल्यावर सकाळची आणि संध्याकाळची पण वेगळी. गाईडसरांनी ते टिपण बघितलं आणि म्हणाले, हाच तुझा पहिला निष्कर्ष आहे, लिही. मग आम्ही प्रश्न बदलले: झोपेतून उठल्यावर पहिला खर्रा किती वेळाने, तोंडात असताना झोपता का, एक पुडी किती जणांत, बिमार असलात तरी खाता का. उत्तरं एकदम वेगळी यायला लागली.

यासाठी पानठेल्यावर बसावं लागलं. बाई पानठेल्यावर बसलेली लोकांनी पाहिलेली नसते. कॉटन मार्केटजवळच्या एका ठेल्यावर पहिल्या दिवशी ठेलेवाले भाऊ म्हणाले, "मॅडम, तुम्ही इथं कायले बसता, लोकं काय म्हणतील?" मी म्हटलं भाऊ, मी कोणाला काही बोलणार नाही, फक्त बघते. तिसऱ्या दिवशी त्यांनीच स्टूल दिलं, चहा मागवला, आणि पाचव्या दिवशी हळूच सांगितलं की त्यांच्या स्वतःच्या तोंडात तिखट लागतं हल्ली, साधी भाजीही झोंबते. तिखट झोंबणं हे ओएसएमएफचं सुरुवातीचं लक्षण. आमच्या ओपीडीत ते कधीच आले नसते. तर्री पोह्यांच्या गावात माणूस म्हणाला की पोहे खाता येत नाहीत, तर तेवढ्यावर सुद्धा त्याचं तोंड बघा.

बायकांना विसरू नका. बायका पुडी खिशात ठेवत नाहीत म्हणून त्या खात नाहीत असं समजतात, पण गुडाखू, नस, दाताला लावायची तंबाखू हे सगळं घरात चालतं आणि त्याला कोणी व्यसन म्हणतच नाही, मंजन म्हणतात. तंबाखू खाता का विचारलं तर उत्तर नाही येतं. दात कशाने घासता, दिवसातून किती वेळा घासता, असं विचारा. पाच वेळा दात घासणारी बाई भेटली की समजून जा. आशाताई 30 वर्षांवरच्या लोकांचा जो फॉर्म भरतात त्यात तंबाखूचा प्रश्न असतो, ताईंना एवढा एक बदल शिकवला तरी रेकॉर्ड सुधारतं.

क्लिनिकबद्दल लिहिते, कारण इथे पुस्तक सगळ्यात लवकर कमी पडतं. निकोटीन गम, म्हणजे तंबाखू सोडताना तलफ भागवायला देतात तो, 2 आणि 4 मिलिग्रॅममध्ये येतो, आणि तो चघळायचा नसतो, चार-पाच वेळा चावायचा, जिभेला चुरचुर आली की गालात ठेवून द्यायचा, चव गेली की पुन्हा. खर्रा खाणारा माणूस गम मिळाला की खर्ऱ्यासारखा रगडतो, रस गिळतो, मग उचकी, मळमळ, आणि दुसऱ्या दिवशी येऊन सांगतो, "मॅडम, तुमच्या औषधानंच मले बिमार केलं." म्हणून पहिला गम माझ्यासमोर खायला लावते, पूर्ण वीस मिनिटं. गमच्या पंधरा मिनिटं आधी कॉफी, कोल्ड्रिंक, संत्र्याचा रस नको, तोंडात आंबट असलं की निकोटीन नीट शोषलं जात नाही, आणि नागपुरात डिसेंबरात हे सांगावंच लागतं. ज्याचं तोंड उघडतच नाही त्याला गम देण्यात काय अर्थ, त्याला अंगावर चिकटवायचा निकोटीनचा पॅच. पण पॅच मे महिन्यात घामाने निघून जातो, पारा पंचेचाळीसवर असताना हमाली करणाऱ्याच्या दंडावर तो किती टिकेल, म्हणून पाठीवर वरच्या बाजूला, अंघोळ करून अंग पूर्ण कोरडं केल्यावर लावायला सांगते.

"खर्रा नाही खाल्ला त पोटच साफ होत नाही जी", हे तर रोज ऐकाल. हसू नका आणि खोटं आहे असंही म्हणू नका. निकोटीनने आतड्याची हालचाल वाढते, सोडल्यावर खरंच काही दिवस बद्धकोष्ठ होतं, त्याला आधीच सांगून ठेवा, पाणी, भाजी, लागलं तर इसबगोल. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट, चिडचिड, झोप नाही, मग दोन ते चार आठवड्यांत उतरतं. हे आधी सांगितलेला माणूस टिकतो, न सांगितलेला तिसऱ्या दिवशी ठेल्यावर दिसतो. सोडायचा दिवस ठरवताना घरात लग्न नाही ना, पोळा नाही ना, हे पण विचारा. पोळ्याच्या आदल्या दिवशी सोडलेला खर्रा मी तरी टिकलेला पाहिला नाही.

शाळांबद्दल माझी चूक सांगते. पहिल्या वर्षी मी आठवीच्या वर्गात कॅन्सरचे फोटो दाखवले, गाल फुटलेले, जबडा काढलेले. मुलं गप्प झाली, शिक्षक खूश, मला वाटलं परिणाम झाला. वर्ग सुटल्यावर एक मुलगी मागे थांबली, रडत नव्हती, अगदी हळू आवाजात विचारलं, "मॅडम, माझे बाबा मरतील का?" तिचे बाबा रोज तिलाच पुडी आणायला पाठवत होते. मला त्या दिवशी उत्तर देता आलं नाही, आणि त्यानंतर मी लहान मुलांना तसे फोटो दाखवले नाहीत. आता त्यांना मीठी सुपारी कशी सुरुवात करून देते ते सांगते, दुकानदार पोराला पुडी देऊ शकत नाही हा कायदा सांगते, आणि त्यांच्याकडूनच टेप धरून शाळेच्या कुंपणापासून 100 यार्ड, म्हणजे साधारण 91 मीटर, मोजून घेते. तंबाखूमुक्त शाळेच्या नियमात ती पिवळी रेघ आखायचीच असते. स्वतः मोजलेली रेघ मुलं विसरत नाहीत, गल्लीतल्या दुकानदाराला जाऊन सांगतातही. त्या मुलीला मी नंतर भेटायला गेले, तिच्या बाबांशी बोलले, ते बारीक आवाजात एवढंच म्हणाले की मी तिला आता पाठवणार नाही. सोडली नाही त्यांनी, पण पाठवणं बंद झालं.

कारवाईच्या पथकासोबत जावं लागतं, कोटपाच्या कलम 4 चा दंड 200 रुपयांपर्यंत, पावती फाडायची. ते करा, पण ठेलेवाल्याला शत्रू समजू नका, त्याच्याही घरी पोरं आहेत. कामठीला जाल तर अजून नीट कळेल. तिथे पिढ्यान्‌पिढ्या बिडी वळणारी घरं आहेत, बाबू हरदासांनी शंभर वर्षांपूर्वीच्या काळात याच बिडी कामगारांना एकत्र केलं होतं. दिवसभर मांडीवर सूप घेऊन पानं कापणाऱ्या, तंबाखूची धूळ श्वासात घेणाऱ्या बाईला आपण तंबाखू वाईट एवढंच सांगून परत आलो तर ती म्हणेल, मग खाऊ काय? तिचा खोकला तपासा, तिचं बिडी कार्ड, म्हणजे बिडी कामगाराचं ओळखपत्र, आहे का विचारा, बोलणं तिथून सुरू करा. गडचिरोलीत 2016 पासून डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सर्च या संस्थेच्या लोकांनी शासन आणि टाटा ट्रस्ट्स सोबत मुक्तिपथ हे दारू-तंबाखूमुक्तीचं काम चालवलंय, तिथे गावच ठरवतं की आमच्या दुकानात खर्रा विकायचा नाही. सुट्टीत आठ दिवस तिकडे जाऊन बघा, कुठल्याही कॉन्फरन्सपेक्षा जास्त शिकाल.

एक गोष्ट कडक पाळा. तंबाखू आणि पान मसाल्याच्या कंपन्यांचा पैसा, बक्षीस, स्टेज, काहीही घेऊ नका, वेलचीच्या नावाने आला तरी नाही. जागतिक तंबाखू करारात, ज्याला भारताने 2004 मध्ये मान्यता दिली, कलम 5.3 खास याच्यासाठी आहे. मला एकदा एका कार्यक्रमात पाहुणी म्हणून बोलावलं, बॅनरवर खाली कोपऱ्यात स्पॉन्सरचं नाव दिसलं, मी आयोजकांना बाजूला घेऊन सांगितलं आणि परत आले. वाईटपणा येतो, येऊ द्या.

आणि थकायला होतं. सोडलेले परत धरतात, एकदा नाही, चार-चार वेळा, त्यांना रागवू नका, परत येऊ द्या. कॅन्सर रजिस्ट्रीतले आकडे तुमच्या कामाने पुढच्या वर्षी हलणार नाहीत, तोंडाचा कॅन्सर व्हायला वर्षानुवर्षं लागतात, तसंच कमी व्हायलाही. ऑपरेशन करणाऱ्या मित्रांना संध्याकाळी कळतं की आज काय केलं, आपल्याला नाही कळत.

माझ्याकडे कळमना मार्केटमधले एक काका येतात, हमाल, साठीच्या जवळ. पहिल्यांदा आले तेव्हा तोंड 28 मिलिमीटर उघडत होतं, निरोगी माणसाचं चाळीसच्या आसपास उघडतं. जे आखडलं ते परत पहिल्यासारखं होत नाही हे त्यांना तेव्हाच सांगितलं होतं, आपण फक्त पुढचं थांबवू शकतो. तीनदा सोडून तीनदा धरला, चौथ्यांदा सोडला तो पोळ्यानंतरच्या सोमवारी. मागच्या आठवड्यात आले, मी पट्टी लावली, 28. "किती आलं जी?" "तेवढंच, काका." म्हणाले, "तेवढंच ना? मंग बरं हाय." दोन वर्षांपूर्वीच्या 28 च्या खाली आजची तारीख टाकून मी पुन्हा 28 लिहिलं, गाल आतून बोटाने चाचपून बघितले, आणि तीन महिन्यांनंतरची तारीख दिली.